‘डिफेक्ट’ हा इंग्रजी शब्द अचूक कसा वापरावा : उणिवेपासून पक्षत्यागापर्यंत

सदोष वस्तू परत करताना लिहिलेल्या इंग्रजी तक्रारींत ‘आय रिसीव्ड अ डिफेक्टेड प्रॉडक्ट’ हे वाक्य इतके सर्रास आढळते की ते चुकीचे असेल, अशी शंकाही सहसा कुणाला येत नाही. काटेकोरपणे पाहिले, तर या वाक्याचा अर्थ ‘आपली बाजू सोडून विरुद्ध गोटात गेलेली वस्तू मला मिळाली’ असा होतो. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते ते ‘डिफेक्टिव्ह प्रॉडक्ट’. वाचणारा संदर्भावरून अर्थ लावून घेतो आणि काम भागते, हे खरे. पण नोकरीचा अर्ज, तांत्रिक अहवाल, वकिलाची नोटीस किंवा भाषांतर अशा ठिकाणी ही गफलत खटकते, आणि काही वेळा अर्थाचा अनर्थही करते.

या शब्दाचे दोन अर्थ संदर्भाने ठरण्याआधी व्याकरणाने ठरतात, हे एकदा ध्यानात आले की पुढचा गुंता बराच सुटतो. नाम म्हणून आलेला ‘डिफेक्ट’ म्हणजे दोष किंवा उणीव. क्रियापद म्हणून आलेला ‘डिफेक्ट’ म्हणजे आपला देश, पक्ष किंवा गट सोडून प्रतिस्पर्धी बाजूला जाऊन मिळणे. नामाला पक्षत्यागाचा अर्थ नाही आणि क्रियापदाला ‘बिघडणे’ हा अर्थ नाही. पक्षत्याग या क्रियेसाठी वेगळे नाम आहे, ‘डिफेक्शन’. आणि सदोष या अर्थी वेगळे विशेषण आहे, ‘डिफेक्टिव्ह’.

दोन्ही अर्थ एकाच मुळातून आले आहेत. लॅटिन भाषेतील ‘देफिकेरे’ या क्रियापदाचा अर्थ कमी पडणे, उणे होणे आणि साथ सोडणे असा होता. वस्तू अपेक्षेला कमी पडली तर दोष, आणि माणूस निष्ठेला कमी पडला तर पक्षत्याग. ‘डेफिसिट’ म्हणजे तूट, ‘डेफिशियन्सी’ म्हणजे कमतरता, ही याच कुळातील भावंडे आहेत. मराठी वाचकाला हे नाते परके वाटू नये, कारण आपल्याकडे मडकेही फुटते आणि आमदारही फुटतो.

पहिली पायरी : शब्द नाम आहे की क्रियापद, हे ठरवा

शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘नो’, ‘सीरियस’ असे काही असेल, तर तो नाम आहे. त्याच्या आधी कर्ता असेल किंवा ‘टु’, ‘विल’, ‘मे’ असे शब्द असतील, तर तो क्रियापद आहे. ‘द इंजिन हॅज अ डिफेक्ट’ येथे नाम आहे. ‘द कर्नल प्लॅन्ड टु डिफेक्ट’ येथे क्रियापद. साध्या वाक्यांत एवढी खूण पुरते.

खरी कसोटी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत लागते, कारण इंग्रजी मथळे ‘अ’ आणि ‘द’ गाळतात आणि घडून गेलेली घटना वर्तमानकाळात सांगतात. ‘डिप्लोमॅट डिफेक्ट्स’ असा मथळा दिसला, तर शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नसून तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा आहे. म्हणजे एक राजनैतिक अधिकारी दुसऱ्या देशाला जाऊन मिळाला. उलट ‘थ्री मोअर डिफेक्ट’ या मथळ्यात ‘स’ नाही, कारण कर्ता अनेकवचनी आहे: आणखी तिघे फुटले. ‘थ्री मोअर डिफेक्ट्स’ असे असते, तर मात्र आणखी तीन दोष सापडले, असा अर्थ झाला असता. एका अक्षराने बातमी बदलते, आणि यांत्रिक भाषांतर नेमके येथेच घसरण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी : उच्चारातील आघात

नामाचा नेहमीचा उच्चार पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) जोर देऊन, ‘डी’ दीर्घ ठेवून होतो: डीऽफेक्ट. क्रियापदात ‘डि’ ऱ्हस्व आणि निसटता असतो आणि जोर ‘फेक्ट’वर पडतो. शब्दकोश नामासाठी दुसऱ्या अवयवावरील आघातही मान्य करतात. क्रियापदाला मात्र ही मोकळीक नाही. म्हणून दोन्ही वेळा दुसऱ्या अवयवावर जोर दिला, तरी आपण चूक करत नाही. पण क्रियापद ‘डीऽफेक्ट’ असे उच्चारले, तर ऐकणारा क्षणभर अडखळतो.

मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे आपण दोन्ही एकाच सपाट सुरात म्हणतो. सराव करायचा असेल, तर ‘रेकॉर्ड’, ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’, ‘रेबेल’ हे शब्द सोबत घ्यावेत, कारण त्यांच्यातही नामाचा जोर आधी आणि क्रियापदाचा नंतर असतो.

तिसरी पायरी : सोबतचे शब्दयोगी

नामासोबत बहुतेक वेळा ‘इन’ येतो: ‘अ डिफेक्ट इन द ब्रेक सिस्टीम’, ‘अ डिफेक्ट इन द आर्ग्युमेंट’. ‘ऑफ’ थोड्या ठरावीक ठिकाणी येतो, जसे ‘डिफेक्ट ऑफ कॅरॅक्टर’ किंवा ‘डिफेक्ट ऑफ व्हिजन’. ‘डिफेक्ट विथ’ हा प्रयोग ‘प्रॉब्लेम विथ’च्या प्रभावाने कानावर येतो, लिखाणात तो टाळावा. हे नाम मोजता येण्याजोगे असल्याने एकवचनात त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ हवाच. ‘देअर इज डिफेक्ट इन मशीन’ हे वाक्य मराठी वळणाचे आहे.

क्रियापदाचे शब्दयोगी अधिक लक्ष देऊन शिकण्यासारखे आहेत. ‘फ्रॉम’ने सोडलेली बाजू कळते, ‘टु’ने धरलेली बाजू कळते, आणि ‘इन’ किंवा ‘ॲट’ने घटनेचे ठिकाण कळते. रुडॉल्फ नुरेयेव्ह या सोव्हिएत नर्तकाने जून १९६१ मध्ये पॅरिसच्या ले बूर्जे विमानतळावर मायदेशी परतण्यास नकार देऊन आश्रय मागितला. इंग्रजीत हे ‘डिफेक्टेड ॲट ले बूर्जे’ असे येईल. मिखाईल बारिश्निकोव्ह या दुसऱ्या सोव्हिएत नर्तकाबाबत १९७४ साठी ‘डिफेक्टेड इन टोरोंटो’ असे लिहिले जाते. सप्टेंबर १९७६ मध्ये व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ विमान घेऊन जपानमधील हाकोदाते येथे उतरला. तो उडून गेला जपानला, पण त्याने धरलेली बाजू होती अमेरिकेची; म्हणून ‘फ्लू टु जपान’ आणि ‘डिफेक्टेड टु द युनायटेड स्टेट्स’. उतरण्याचे ठिकाण आणि स्वीकारलेली बाजू यांची गल्लत ‘टु’ चुकीच्या जागी पडल्याने होते.

या क्रियापदाला कर्म लागत नाही. ‘त्याने पक्ष सोडला’ या मराठी वाक्यात ‘पक्ष’ हे कर्म आहे, आणि म्हणून आपल्या हातून सहज ‘ही डिफेक्टेड द पार्टी’ असे लिहिले जाते. योग्य वाक्य ‘ही डिफेक्टेड फ्रॉम द पार्टी’. कर्म नसल्यामुळे कर्मणी प्रयोगही होत नाही. ‘ही वॉज डिफेक्टेड’ याला इंग्रजीत अर्थच नाही. एखाद्याला कुणी फोडले असेल, तर ‘ही वॉज पर्सुएडेड टु डिफेक्ट’ असे लिहावे लागेल.

चौथी पायरी : कुटुंबातील इतर शब्द आणि ‘डिफेक्टेड’ची चूक

‘डिफेक्टिव्ह’ हे विशेषण: डिफेक्टिव्ह चार्जर, डिफेक्टिव्ह वायरिंग. ‘डिफेक्टर’ म्हणजे बाजू बदलणारी व्यक्ती. ‘डिफेक्शन’ म्हणजे ती क्रिया. आपल्या वृत्तपत्रांत हा शब्द मुख्यतः ‘अँटी-डिफेक्शन लॉ’ या रूपात दिसतो. १९८५ मधील ५२व्या घटनादुरुस्तीने संविधानात दहावी अनुसूची जोडली गेली आणि तिला हे प्रचलित नाव मिळाले. मराठीत तो पक्षांतरबंदी कायदा.

आता ‘डिफेक्टेड पीस’कडे वळू. ही चूक का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘डॅमेज’ हे सकर्मक क्रियापद आहे आणि त्याचे ‘डॅमेज्ड’ हे भूतकालवाचक रूप विशेषण म्हणून सहज चालते. म्हणून त्याच साच्यात ‘डिफेक्टेड’ घडवले जाते. पण कुणीही वस्तूला ‘डिफेक्ट’ करू शकत नाही, त्यामुळे साचा लागू पडत नाही. दोष नंतर उत्पन्न झाला, असे सांगायचे असेल, तर ‘डेव्हलप्ड अ डिफेक्ट’ किंवा ‘डेव्हलप्ड अ फॉल्ट’ लिहावे.

‘डिफेक्टिव्ह’ हे विशेषण माणसांना लावू नये. ब्रिटनमधील १९१३ च्या मानसिक दुर्बलताविषयक कायद्यात माणसांच्या वर्गासाठी ‘डिफेक्टिव्ह’ हा शब्द अधिकृतपणे वापरला गेला होता. आज तो अपमानास्पद मानला जातो. ‘बर्थ डिफेक्ट’ हा वैद्यकातील रूढ शब्द अजून टिकून आहे, तरी अनेक जण त्याऐवजी ‘कंजेनिटल कंडिशन’ पसंत करतात. माझ्या मते एखाद्या मुलाबद्दल त्याच्या पालकांशी बोलताना दुसराच शब्द वापरावा.

पाचवी पायरी : जवळच्या शब्दांतून निवड

दोषाच्या अर्थाचे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी आंधळेपणाने ठेवता येत नाहीत. ‘फ्लॉ’ हा अधिक व्यापक शब्द आहे; युक्तिवादात, हिऱ्यात, स्वभावात, योजनेत तो चालतो, आणि वस्तू त्यामुळे निकामी झालीच असेल, असे तो सुचवत नाही. ‘फॉल्ट’मध्ये दोषासोबत जबाबदारीही येते, ‘इट्स युअर फॉल्ट’ म्हणता येते, ‘इट्स युअर डिफेक्ट’ म्हणता येत नाही. ‘ब्लेमिश’ म्हणजे वरवरचा डाग.

सर्वांत महत्त्वाचा फरक ‘डिफेक्ट’ आणि ‘डॅमेज’ यांतील आहे, कारण त्यावर पैसे अवलंबून असतात. हमीपत्रावर ‘फ्री फ्रॉम डिफेक्ट्स इन मटेरियल्स अँड वर्कमनशिप’ हे शब्द वारंवार दिसतात. त्यांचा अर्थ असा की वापरलेल्या मालात आणि घडवण्याच्या कामात दोष नाही, एवढीच हमी उत्पादक देत आहे. फोन हातातून पडून काच तडकली, तर ते ‘डॅमेज’. ते हमीच्या बाहेर. फोन न पडता, न भिजता, आठवड्याभरात पडद्यावर उभी रेघ उमटली, तर तो ‘डिफेक्ट’ असण्याची शक्यता मोठी, आणि तक्रारीत तोच शब्द घालावा. ‘माय स्क्रीन इज डॅमेज्ड’ असे लिहिले, तर आपण नकळत नुकसान बाहेरून झाल्याची कबुली देतो. त्याऐवजी ‘द स्क्रीन डेव्हलप्ड अ व्हर्टिकल लाइन इन नॉर्मल यूज, धिस अपिअर्स टु बी अ मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट’ असे नेमके लिहावे: आधी लक्षण, मग वापर नेहमीचा होता हे विधान, आणि त्यानंतर निष्कर्ष.

कायद्याच्या इंग्रजीत दोषाचे आणखी भेद होतात. पाहणीत सहज दिसेल तो ‘पेटंट डिफेक्ट’, आणि वाजवी पाहणी करूनही दिसत नाही तो ‘लेटंट डिफेक्ट’. येथील ‘पेटंट’चा शोधाच्या एकाधिकाराशी संबंध नाही, त्याचा अर्थ उघड असा आहे. भारतातील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूतील उणिवेला ‘डिफेक्ट’ आणि सेवेतील उणिवेला ‘डेफिशियन्सी’ म्हटले आहे, म्हणून इंग्रजी तक्रार अर्जात ‘डिफेक्ट इन सर्व्हिस’ लिहिणे टाळावे.

बाजू सोडण्याच्या अर्थाचे शब्दही असेच तपासून घ्यावे लागतात. ‘डिझर्ट’ म्हणजे कर्तव्य किंवा माणसे वाऱ्यावर सोडून निघून जाणे. सैनिक छावणीतून पळाला आणि घरी जाऊन लपला, तर तो ‘डिझर्टर’ आहे, ‘डिफेक्टर’ नाही. तोच सीमेपलीकडे जाऊन समोरच्या बाजूला मिळाला, तर दोन्ही शब्द लागू होतात. ‘डिझर्ट’ला कर्म घेता येते, हेही लक्षात असू द्यावे: ‘ही डिझर्टेड हिज पोस्ट’. वाळवंट या अर्थाचे नाम त्याच अक्षरांनी लिहिले जाते, पण त्याचा आघात पहिल्या अवयवावर असतो. ‘एमिग्रेट’ म्हणजे केवळ देशांतर. त्यात निष्ठा बदलण्याची सूचना नाही.

‘बिट्रे’ आणि ‘डिफेक्ट’ यांतील फरक किम फिल्बी यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. ब्रिटिश गुप्तचर खात्यातील हा अधिकारी १९३४ पासून सोव्हिएत संघाशी बांधलेला होता, म्हणजे विश्वासघात अनेक वर्षे चालू होता. पण ‘डिफेक्टेड’ हे क्रियापद त्याला लागू झाले ते जानेवारी १९६३ मध्ये तो बैरूतहून निसटून मॉस्कोला गेला तेव्हा. गुपचूप दगा देणे हे ‘बिट्रे’, आणि प्रत्यक्ष उठून दुसऱ्या बाजूला जाणे हे ‘डिफेक्ट’. ज्यांनी काहीच दगा दिला नाही, त्यांनाही हे क्रियापद लागते. स्टालिन यांची कन्या स्वेतलाना अलिलुयेवा ६ मार्च १९६७ रोजी नवी दिल्लीतील अमेरिकी दूतावासात गेल्या आणि त्यांनी आश्रय मागितला. त्यांच्याबाबतही ‘डिफेक्टेड’ हाच शब्द रूढ आहे. त्यामुळे ‘डिफेक्टर’चे भाषांतर सरसकट ‘गद्दार’ करणे अन्यायाचे ठरते. सोडलेली बाजू त्या व्यक्तीला गद्दार म्हणते, स्वीकारणारी बाजू ‘डिफेक्टर’ म्हणते, आणि भाषांतरकाराने कुणाच्या तोंडचे वाक्य आहे, ते पाहूनच शब्द निवडावा.

आज हे क्रियापद सौम्यही झाले आहे. ग्राहक प्रतिस्पर्धी कंपनीकडे वळले, प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे गेले, तरी इंग्रजीत ‘डिफेक्टेड’ म्हणतात आणि त्यात किंचित थट्टेचा सूर असतो. मात्र समोर प्रतिस्पर्धी हवा. कुणी नोकरी सोडून शेती करू लागला, तर तो ‘लेफ्ट’ किंवा ‘रिझाइन्ड’, ‘डिफेक्टेड’ नव्हे.

सहावी पायरी : शास्त्रांतील विशेष अर्थ

शास्त्रीय मजकुरात ‘डिफेक्ट’ पाहिला की लगेच ‘दोष’ लिहू नये, कारण तेथे लॅटिनमधील ‘उणे पडणे’ हा मूळ अर्थ अनेकदा जिवंत असतो. अणुकेंद्राचे वस्तुमान त्यातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या बेरजेपेक्षा कमी भरते, आणि या तुटीला ‘मास डिफेक्ट’ म्हणतात. हेलियम-४ साठी ही तूट सुमारे ०.०३०४ अणुवस्तुमान एकक आहे, आणि तिच्याशी समतुल्य असलेली सुमारे २८.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा ते केंद्र सुटे करण्यासाठी लागते. यात बिघाड काहीच नाही. ‘वस्तुमान तूट’ हेच योग्य भाषांतर. भूमितीतील ‘अँगल डिफेक्ट’ही असाच: घनाच्या एका कोपऱ्यावर तीन काटकोन मिळून २७० अंश होतात, ३६० ला ९० कमी पडतात, आणि आठ कोपऱ्यांची एकूण तूट ७२० अंश भरते.

वैद्यकीय अहवालात हा शब्द रुग्णाला विनाकारण घाबरवतो. ‘बोन डिफेक्ट’ म्हणजे हाडाचा काही भाग नसणे, म्हणजेच पोकळी किंवा सलगता तुटलेली जागा. ‘सेप्टल डिफेक्ट’ म्हणजे हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला असलेले छिद्र. ‘फिलिंग डिफेक्ट’ हा शब्द तर दातांच्या कामाशी जोडला जाण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात क्ष-किरण तपासणीत दिलेले रंगद्रव्य एखाद्या जागी भरले नाही आणि तेथे रिकामी आकृती दिसली, एवढेच तो सांगतो. ती आकृती खड्याची, गाठीची की आणखी कशाची, हे डॉक्टर ठरवतात.

कारखान्यातील दर्जा नियंत्रणात ‘डिफेक्ट’ आणि ‘डिफेक्टिव्ह’ हे दोन्ही नाम म्हणून वापरले जातात, आणि येथे आधी सांगितलेला नियम थोडा वाकतो. एका सदऱ्याची दोन बटणे सैल आणि एक शिवण उसवलेली असेल, तर डिफेक्ट तीन, पण डिफेक्टिव्ह एक. ‘सिक्स सिग्मा’ पद्धतीतील, दोष होण्याच्या दहा लाख संधींमागे ३.४ हा प्रसिद्ध आकडा डिफेक्टचा आहे. तो सदोष नगांचा समजून अहवाल लिहिला, तर हिशेबच चुकतो.

सॉफ्टवेअर चाचणीत ‘एरर’, ‘डिफेक्ट’ आणि ‘फेल्युअर’ ही साखळी मानतात. प्रत्येक वर्ष ३६५ दिवसांचे, असे आज्ञावली लिहिणाऱ्याने गृहीत धरले, ही एरर. त्यामुळे आज्ञावलीत शिरलेली चुकीची ओळ हा डिफेक्ट. आणि २९ फेब्रुवारीला व्याजाची रक्कम चुकली, हे फेल्युअर. डिफेक्ट वर्षानुवर्षे पडून राहू शकतो आणि फेल्युअर होतच नाही, असेही घडते.

खेळ-सिद्धांतात मात्र क्रियापद परत येते. १९५० मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेल्या आणि अल्बर्ट टकर यांनी ‘प्रिझनर्स डिलेमा’ हे नाव दिलेल्या कोड्यात एकाच गुन्ह्यात पकडलेले दोन जोडीदार वेगवेगळे ठेवलेले असतात आणि प्रत्येक कैद्यापुढे ‘कोऑपरेट’ आणि ‘डिफेक्ट’ असे दोन पर्याय असतात. येथे सहकार्य पोलिसांशी नव्हे, जोडीदाराशी. म्हणून गप्प राहणे हे ‘कोऑपरेट’ आणि जोडीदाराविरुद्ध साक्ष देणे हे ‘डिफेक्ट’. नवे वाचक हे हमखास उलटे लावतात.

सातवी पायरी : मराठीत आणताना

नामासाठी मराठीत शब्दांची चणचण नाही. प्रश्न फक्त जागेचा आहे. यंत्रात आणि मालात दोष, अर्जात आणि कागदपत्रांत त्रुटी, सोन्यात खोट, स्वभावात अवगुण. ‘व्यंग’ हा शब्द शरीराबाबत आता जपून वापरावा. क्रियापदासाठी ‘पक्षांतर करणे’ राजकीय पक्षापुरतेच ठेवावे. नुरेयेव्ह यांनी पक्षांतर केले, असे लिहिले तर हसे होईल. तेथे ‘मायदेशी परतण्यास नकार देऊन दुसऱ्या देशाचा आश्रय घेतला’ असे लांब लिहिणे पत्करावे. ‘फितूर होणे’ नेमके आहे, पण निवाडा करणारे आहे, म्हणून ते लेखकाच्या स्वतःच्या मतासाठी राखून ठेवावे. ‘फुटणे’ बोलीत उत्तम बसते, मात्र त्यात कुठे गेला ते आपोआप येत नाही. ‘फुटून विरोधकांना मिळाला’ असे जोडून घ्यावे लागते.

लिहून झाल्यावर मजकुरात ‘डिफेक्टेड’ हा शब्द शोधावा. त्याचा कर्ता माणूस किंवा माणसांचा समूह असेल आणि पुढे ‘फ्रॉम’ किंवा ‘टु’ असेल किंवा सहज घालता येत असेल, तर तो राहू द्यावा. कर्ता फोन, पंखा किंवा अहवाल असेल, तर तेथे ‘इज डिफेक्टिव्ह’ किंवा ‘हॅज अ डिफेक्ट’ करावे.